मुनीरभाईंचा रोजचा रुपया

मुनीरभाई खिचडी खात नाहीत. डाळ वेगळी शिजवा, तांदूळ वेगळे शिजवा, मग खाणाऱ्याला काय ते ठरवू द्या, असं त्यांचं म्हणणं. आमच्या ऑफिसात जेवताना डब्यातलं वरण भाताच्या हद्दीत शिरलं, तर ते चमच्यानं त्याला हुसकून लावतात. "मिसळायला अक्कल लागत न्हाई, ताई. निवडताना जीव जातो."

त्यांच्या शर्टाला चार खिसे आहेत. एकात ऑफिसचे पैसे, एकात स्वतःचे, एकात चहाच्या वर्गणीचे आणि चौथ्यात खैरातीचे. एकदा मी दिलेले चहाचे दहा रुपये चुकून खैरातीच्या खिशात पडले. आता तिथून काढायचे म्हणजे पाप! त्या दिवशी सगळ्यांना त्यांनी स्वतःच्या खिशातून चहा पाजला.

हे शर्ट त्यांच्या धाकट्या भावाच्या, ख्वाजाच्या हातचे. ख्वाजा हिमायतनगरला टेलर आहे. वडिलांचं दुकान दोघं मिळून चालवायचे, गल्ला एकच. चोरी कुणीच केली नाही, पण दोघांनाही वाटायचं, दुसरा जास्त घेतो. बोलाचाली झाली आणि मुनीरभाई नांदेडला निघून आले. देगलूर नाक्यावर एका खोलीत एकटे राहतात. सहा वर्षं झाली, भाऊ भावाशी बोलत नाही. शर्टांच्या कॉलरी विरल्या, तरी दुसऱ्या टेलरची पायरी ते चढले नाहीत.

"गल्ला एक होता, म्हणून भाऊ गेला," एवढंच ते एकदा बोलले. मी पुढं विचारलं, तर फायलीत डोकं घातलं.

आमची कंपनी नांदेडला आणि लातूरला विद्यार्थ्यांची वसतिगृहं चालवते. पालक अनामत भरतात, मूल गेलं की ती परत द्यायची. पूर्वी सगळी रक्कम एका खात्यात यायची आणि कुणी किती भरले ते शोधता शोधता आमचा दिवस जायचा. मग बँकेनं व्हर्च्युअल खात्यांची सोय दिली. खरं खातं एकच, पण प्रत्येक मुलाला स्वतंत्र नंबर. त्या नंबरवर आलेला पैसा आपोआप त्याच्याच नावावर लागतो आणि पालकाच्या मोबाईलवर मेसेज जातो. मुनीरभाईंना ईद आल्यासारखं झालं. "मोहल्ला एक, पण दार ज्याचं त्याला!" असं ते आठवडाभर भेटेल त्याला सांगत होते.

एकदा मालकांनी अनामतीतून कूलर घ्यायचा विचार काढला. मुनीरभाई उठून उभेच राहिले. "सेठ, हे पैसे तुमचे न्हाईत. तुमच्याकडं मुक्कामाला हायत." कूलर घ्यायचे राहिले.

आणखी एक खूळ होतं. रोज सकाळी दहाला मुनीरभाई स्वतःच्या मोबाईलवरून एक नंबरच्या खात्यात एक रुपया टाकायचे. हे खातं सुरुवातीला चाचणीसाठी काढलेलं. "नळाला पाणी हाय का ते बघून राहिलो," म्हणायचे. रविवार नाही, ईद नाही. तीन वर्षं!

मध्यंतरी बँकेनं चाचणीची खाती बंद करा म्हणून कळवलं. नियमाला देव मानणारा हा माणूस माझ्यापुढं हात जोडून उभा राहिला. "एवढं एक राहू द्या, ताई." मला हसू आलं, पण बँकेत भांडून ते मी ठेवलं.

गेल्या महिन्यात मुनीरभाई दोन दिवस आले नाहीत. फोनही बंद. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीवर जायला निघणार, तोच गळ्यात मापाची टेप तशीच राहिलेला एक माणूस ऑफिसच्या दारात आला.

"मुनीरभाई हायत का?"

"दोन दिवस आले नाहीत. आपण?"

त्यानं मोबाईल पुढं केला. खालपासून वरपर्यंत एकच मेसेज, आमच्या कंपनीच्या नावाचा. एक रुपया जमा. एक रुपया जमा. "रोज धा वाजता येतो. परवा आला न्हाई. काल बी न्हाई."

हा ख्वाजा होता. एक नंबरच्या खात्यावर पालक म्हणून त्याचाच मोबाईल लावलेला होता. तीन वर्षं मी त्या रुपयाला हसत होते. माझी मलाच लाज वाटली.

"मग फोन करायचा की हो," मी म्हटलं.

"आम्ही बोलत न्हाई," तो म्हणाला.

आम्ही देगलूर नाक्यावर गेलो. मुनीरभाई तापानं फणफणले होते. ख्वाजानं कपाळावर हात ठेवला, मग सवयीनं खांद्यावर वीत टाकली. "कंधे उतर गए भाईजान." मुनीरभाईंनी त्याचा हात धरून ठेवला.

ख्वाजानं स्टोव्ह पेटवला आणि डाळ-तांदूळ एकाच पातेल्यात टाकले. आता कडाक्याचं भांडण होणार म्हणून मी जीव मुठीत धरून बसले. मुनीरभाईंनी ती खिचडी मुकाट्यानं खाल्ली. ताट एकच होतं, दोघं त्यातच जेवले. मुनीरभाई घास गिळत होते आणि रडत होते.

हात धुऊन झाल्यावर ते मला म्हणाले, "ताई, माझा मोबाईल जरा चार्जिंगला लावा. आजचा धरून तीन दिवसांचे तीन रुपये राहिलेत."

"अब काय को?" ख्वाजा म्हणाला. "मैं इधरीच हूं ना."

"तेरे हैं," मुनीरभाई म्हणाले. "मेरे पास कैसे रखूं?"