डावीकडून तिसरी गाडी

शनिवारी दुपारी तांदळाची खीर खाताना ट्रुल्सने फक्त खीरच खाल्ली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्याने तोंड उघडलं, आणि तेही सासूबाईंसमोर.

झालं असं, की त्याच्या बायकोला, इंगविलला, रविवारी हॉस्पिटलात ड्यूटी होती. तेव्हा सासूबाई, म्हणजे गेर्दबाई, म्हणाल्या, "मुलांना उद्या मी नेते स्कीवर. ट्रुल्स, तू आपला घरी आराम कर. तुझा दोष नाही रे. तू बर्गनचा, तिथे पाऊसच पाऊस. तुमच्याकडे मुलं आधी छत्री उघडायला शिकतात."

हा छत्रीचा विनोद ट्रुल्स लग्नापासून ऐकत होता. गेर्दबाईंचं वय अडुसष्ट. तरुणपणी जिल्ह्याच्या स्की-शर्यतीत तीनदा पहिल्या आलेल्या, आणि ते तिन्ही चषक खीर खाणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर येतील असे मांडलेले. ट्रुल्स नगरपालिकेत कारकून. त्याला आयुष्यात चषक मिळाला नव्हता. त्याच्याकडे पाहुण्यांच्या लक्षात राहावं असं एकच होतं, ते म्हणजे त्याचं लांबलचक नाक.

"मी नेतो," ते नाक वर करून तो म्हणाला. "दोघांनाही. एकटा."

सगळ्यांचे चमचे अर्ध्यावर थांबले. त्याच्या दोन वर्षांच्या मुलाने, ब्रागेनेसुद्धा, चमचा खाली ठेवला (म्हणजे फेकला).

"आणि दोघांना सुखरूप परत आणलं," ट्रुल्सला आता थांबवत नव्हतं, "तर ईस्टरला तुमच्या डोंगरातल्या घराची किल्ली आमची. फक्त आम्ही चौघं जाणार."

इंगविलने टेबलाखालून त्याला लाथ मारली. पण ट्रुल्सचं दुःख मोठं होतं. दरवर्षी ईस्टरला त्या घरात गेर्दबाई सकाळी सहाला सगळ्यांना उठवत, बर्फाने तोंड धुवायला लावत, आणि संध्याकाळी शेकोटीशी बसून दिवसभर कोण कसं स्की खेळलं याचा निकाल जाहीर करत. ट्रुल्सचा नंबर दरवर्षी शेवटचा. गेल्या वर्षी ब्रागे त्याच्या पुढे होता, आणि तेव्हा ब्रागेला चालताही येत नव्हतं. आयुष्यात एक तरी ईस्टर नऊ वाजेपर्यंत झोपून काढायचा, एवढीच त्या गरिबाची इच्छा होती.

गेर्दबाईंनी हात पुढे केला. "ठरलं. दोन मुलं, चार स्की. मोजून घेईन हं."

रविवारी हवा झकास होती. उणे सात, निळं आभाळ, कोरडा बर्फ. ब्रागेला लोकरीत गुंडाळून लाल घसरगाडीत निजवलं होतं, आणि गाडीच्या दोन दांड्या ट्रुल्सच्या कमरेच्या पट्ट्याला अडकवल्या होत्या. सहा वर्षांची टुवा आपल्या छोट्या स्कीवर पुढे. निघताना इंगविलने बजावलं होतं, "ब्रागे झोपला की पांघरूण अजिबात उघडू नकोस. गार वारा लागला की उठतो, आणि मग तुझं काही खरं नाही." ट्रुल्सने स्वतःचाही एक नियम केला. "टुवा, दर वळणावर चॉकलेट. पण जो कुरकुर करेल त्याला नाही."

"कुरकुर म्हणजे काय काय?" टुवाने विचारलं. (ती आजीवर गेली होती.)

"बाबा पण, बाबा किती, बाबा मला. 'बाबा'ने सुरू होणारं सगळं."

ही युक्ती इतकी लागू पडली, की जंगलातल्या उपाहारगृहापर्यंतचे चार किलोमीटर टुवाने तोंडातून ब्र काढला नाही. तीन चॉकलेटं मात्र गट्ट केली. ब्रागे झोपून गेला होता. दारात नेहमीप्रमाणे घसरगाड्यांची रांग होती, सहाच्या सहा लाल, आणि सगळ्यांत कुणी ना कुणी गार हवेत निवांत घोरत होतं. ट्रुल्सने आपली गाडी रांगेत लावली, भिंतीकडे तोंड करून नीट मोजलं आणि मनात घोकलं, डावीकडून तिसरी.

इतर बाप आत जाऊन वॉफल खातात आणि गप्पा मारतात. ट्रुल्स तसला बेफिकीर नव्हता. त्याने मुद्दाम खिडकीतलं टेबल धरलं, काचेतून बाहेर बघत डावीकडून तिसरी गाडी शोधली, आणि वॉफल संपेपर्यंत तिच्यावरून नजर हलवली नाही. त्या नादात तपकिरी चीज कॉफीत पडलं, तरी त्याने तिकडे बघितलं नाही.

(बाहेरून डावीकडची तिसरी ती आतून उजवीकडची तिसरी होते, हे ज्याला कळलं त्याने ट्रुल्सला त्या वेळी भेटायला हवं होतं.)

बाहेर येऊन त्याने गाडी कमरेला अडकवली. टुवा गाडीपाशी वाकली आणि एकदम ताठ झाली.

"बाबा..."

"कुरकुर?"

टुवाने विचार केला. खिशात हात घालून चॉकलेटच्या कागदांची चाचपणी केली. "नाही," ती म्हणाली, आणि निघाली.

आणि काय सांगावं, परतीच्या वाटेवर ट्रुल्सला पंख फुटले! गाडी हलकी वाटत होती. वॉफलचा गुण, तो मनाशी म्हणाला. मागे कुणीतरी स्कीच्या काठ्या उंच हलवत ओरडत होतं. आपली चाल बघून लोक दाद देताहेत, असं वाटून त्याने मोठ्या नम्रपणे हात हलवला आणि आणखी वेग घेतला. गाडीतून घोरण्याचा आवाज येत होता. ब्रागे इतका कधी घोरत नसे, पण शुद्ध हवेत माणूस खुलतो.

दोन किलोमीटरवरच्या वळणावर तो थांबला. पांघरुणात चुळबुळ सुरू झाली होती. "उठला का माझा राजा?" म्हणत ट्रुल्सने पांघरूण बाजूला केलं.

आतून निळी लोकरी टोपी घातलेला, पिकल्या मिशांचा एक म्हातारा डॅशहुंड कुत्रा बाहेर आला. त्याने जांभई दिली आणि ट्रुल्सचं नाक चाटलं.

ट्रुल्सने पांघरूण परत टाकलं आणि पुन्हा उघडून बघितलं. "टुवा! हा... हा ब्रागे नाही!"

"मला माहितेय."

"कधीपासून?"

"तिकडूनच. नाक काळं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"'बाबा'ने सुरू होत होतं," टुवा म्हणाली. "आता चॉकलेट?"

ते दोन किलोमीटर ट्रुल्स कसा परत चढला, ते त्यालाही आठवत नाही. आपलं बाळ आपण जंगलात विसरून आलो, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. दोनदा तो उताराला मागे घसरला, एकदा झुडपात गेला, आणि घाईत सगळ्यांना 'माझं बाळ, माझं बाळ' ओरडत सुटला. लोक गाडीत डोकावत, आतली टोपी बघत आणि घाईने वाट सोडत.

उपाहारगृहाच्या दारात बाकावर ब्रागे बसला होता. तोंडाला जॅम, हातात वॉफल. आणि तो बसला होता आजीच्या मांडीवर.

"तुम्ही?" ट्रुल्स धापा टाकत म्हणाला. त्याचं रडू फुटायच्या बेतात होतं. ब्रागेला उचलून त्याने त्याचे जॅमसकट मुके घेतले.

"सहजच आले होते फिरत," गेर्दबाई म्हणाल्या. "म्हणजे तुमच्या मागोमाग. तू दुसऱ्याच्या गाडीला जुंपून घेतलंस तेव्हा ओरडले ना मी!"

"त्या तुम्ही होतात?"

"हो. तू हात हलवलास."

"मग गाठायचं ना मला! तुम्ही तर..."

"ब्रागेला सोडून? घरात एक विसरभोळा पुरे आहे." मग त्या बोटं मोजू लागल्या. "बघू. टुवा, एक. दुसरं..." त्यांनी गाडीत पाहिलं. "दुसऱ्याला शेपूट आहे. आणि स्की तीनच दिसतात."

चौथी झुडपात राहिली होती.

कुत्र्याचे मालक, हालवर नावाचे एक्याऐंशी वर्षांचे गृहस्थ, बाजूलाच शांतपणे कॉफी पीत होते. "बारोनला आवडलेली दिसतेय सैर," ते म्हणाले. "माझे गुडघे गेले. मी ओढायला लागलो की तो सारखा भुंकतो. आज आवाजसुद्धा नाही! तू फार छान ओढतोस हो."

स्कीबद्दल ट्रुल्सला आयुष्यात मिळालेली ही पहिली शाबासकी. आणि तीच त्याला महागात पडली.

पैज तो हरलाच होता. पण गेर्दबाई अगदीच कठोर नव्हत्या. घरी आल्यावर त्यांनी इंगविलला अवाक्षर सांगितलं नाही (ते काम टुवाने केलं, बूट काढायच्या आत), आणि किल्लीही दिली. फक्त ती लाल दोरीत ओवून टुवाच्या गळ्यात घातली. "गाडीत कोण आहे हे जिला माहीत होतं तिच्याकडे." घराची मालकीण आता टुवा, आणि टुवाने ईस्टरसाठी पहिलं आमंत्रण आजीला दिलं. दुसरं बारोनला. बारोन एकटा येत नसल्याने हालवरनाही.

म्हणून ईस्टरच्या शनिवारी डोंगरातल्या घराकडे जी वरात निघाली तिच्यात पुढे गेर्दबाई, त्यांच्या मागच्या गाडीत ब्रागे. मग इंगविल, मग हालवर, मग टुवा. आणि सगळ्यांत शेवटी ट्रुल्स, कमरेला लाल गाडी, गाडीत निळ्या टोपीचा बारोन. दुसऱ्या कुणी ओढलेलं त्याला आता चालत नव्हतं.

चढावर समोरून आलेल्या एका आजीबाई थांबल्या. चष्मा वाफेने धुरकटलेला. त्यांनी वाकून गाडीत पाहिलं आणि कौतुकाने हात जोडले.

"अगबाई, किती शहाणं बाळ! आणि नाक तर अगदी बाबांचं घेतलंय!"

ट्रुल्सने खुलासा करायला तोंड उघडलं. पण पुढून टुवाने वळून बघितलं. गळ्यात किल्ली, हातात चॉकलेट.

"बाबा," ती म्हणाली, "कुरकुर?"

ट्रुल्सने तोंड मिटलं. "थँक्यू," तो आजीबाईंना म्हणाला. "सगळे हेच म्हणतात."