मांगरातला पाचवा वादक

कोकण किनाऱ्यावर आपल्याइतका तल्लख गुप्तहेर नाही, याबद्दल रावजींना शंका नव्हती. तीस वर्षं एस.टी.त तिकिटं तपासलेली. चेहरा बघून विनातिकीट माणूस ओळखत. निम्म्या वेळा चुकत, पण ठामपणे.

पुतणी राही रडवेली होऊन आली, तेव्हा त्यांनी तोंडातलं पान थुंकलं. केस घेतली की सुटेपर्यंत पान बंद, हा त्यांचा नियम.

"काका, आमच्या गाण्यात कोणीतरी पाचवा वाजवतोय!"

राहीच्या चौघांच्या बँडने पहिला अल्बम रावजींच्या मांगरात, म्हणजे घरामागच्या पत्र्याच्या कोठारात, आंब्याच्या पेट्या बाजूला सारून रेकॉर्ड केला होता. त्यातलं रेगे ढंगाचं रॉक गाणं रत्नागिरीभर मोबाइलवर पोचलं, ते एका आवाजामुळे. ठेका पडून गेला की मधल्या रिकाम्या जागेत नेमका 'कट्ट'. आणि आज संध्याकाळी मांडवीला पहिला कार्यक्रम.

"आमच्या गिटारवाल्या सुजयने चमचे वाजवले, करवंट्या वाजवल्या. तो आवाज काही येत नाही. त्याच्याशिवाय गाणं मेलंय, काका."

"बाहेरचा माणूस अशक्य! रेकॉर्डिंगचे चारही दिवस मी स्वतः दारात पहाऱ्याला होतो."

मग संशय छपराच्या तापलेल्या पत्र्यावर गेला. पत्र्यावर बादलीभर पाणी ओतलं, ते सुजयच्या गिटारवर गळलं. नंतर पाल. तिला लोणच्याच्या बरणीत घालून तासभर चौकशी केली. ती गप्प राहिली. रावजींच्या मते हाच पुरावा होता.

"मी तपासाला उभा राहिलो नि आवाज बंद," ते म्हणाले. "गुन्हेगार मला घाबरतो."

चहा घेऊन आलेल्या सोनूबाई दारातच थांबल्या.

"अहो, केस घेतलीत की पान बंद. पान बंद की अडकित्ता बंद. चार दिवस दारात बसून सुपारी कोण कातरीत होता?"

सगळ्यांनी रावजींकडे पाहिलं. पालसुद्धा बघू लागली.

"पण काकू, इतका नेमका ठेका?" राहीने विचारलं.

"नेमका कसला गो! ह्यांचा पाय आधी हलतो, हात मागून येतो. लग्नापासून सगळाच अर्धा ठेका उशिरा."

संध्याकाळी मांडवीला आंब्याच्या पेटीवर बसून रावजींनी पाव किलो सुपारी कातरली. लोकांनी गाणं तीनदा गायला लावलं. राही हसतेय की रडतेय, कळेना.

परतताना रावजी पान लावत म्हणाले, "काही म्हण, गुन्हेगार पोचलेला होता. मलासुद्धा दाद दिली नाही!"