गोजरबाईची म्हैस

गोजरबाई बहिणीच्या बाळंतपणासाठी सोनईला निघाली, तेव्हा तिचा नवरा मच्छिंद्र ऐटीत म्हणाला होता, "दूध म्हस देती. तू नुसती खाली बसती." गोजरबाईनं पिशवी उचलली आणि एसटी गाठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशीनं पान्हा चोरला आणि बादली लाथाडली. नेमकी त्याच संध्याकाळी गावात दूध सोसायटी निघायची होती. सोसायटीचे साहेब गोठ्यागोठ्यात धार बघून सभासद लिहिणार होते. ज्याची म्हैस आटली, त्याचं नाव वगळणार. एकाहत्तर साली गावात याहून मोठा मान नव्हता.

मच्छिंद्रनं पेंड चारली, पाठ खाजवली, शेवटी हात जोडले. म्हैस ढिम्म. शेजारची छबूबाई कुडावरून म्हणाली, "मच्छिंद्रा, तिला गोजरचा वास लागतो. तिचं लुगडं गुंडाळ."

"लोकं काय म्हनतील?"

"म्हशीला इचार ना, ती काय म्हनती."

संध्याकाळी त्यानं दार लोटून लुगडं गुंडाळलं, पदर डोक्यावरून ओढला आणि खाली बसला. म्हशीनं हुंगलं, उसासा टाकला आणि पान्हा सोडला. तेवढ्यात साहेब आले, मागे अर्धा गाव. आता उठावं तर धार तुटणार.

"बाई, मच्छिंद्र कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"हितंच हाय," पदराआडून घोगरा आवाज आला.

गाव पोट धरून हसला. मच्छिंद्रचे कान तापले, बोटं मात्र थांबली नाहीत. एका धारेतच ती ठणकायला लागली होती. गोजरनं दहा वर्षं, दोन्ही वेळा, हे केलं. आपण एकदाही बरं केलंस म्हटलं नाही, याची त्याला मनापासून लाज वाटली.

"सभासद म्हणून तुमचंच नाव लिहू ना?"

"गोजरबाईचं लिवा, साहेब."

"पण म्हैस तुमची आहे."

"दावं माजं हाय. दूध तिचं हाय."

गोजरबाई परतली, तेव्हा ही हकिकत तिला एसटीच्या थांब्यावरच कळली. घरी येऊन तिनं त्याच्या बोटांना तेल चोळलं. मच्छिंद्र हळूच म्हणाला, "लई केलंस गं तू." तिनं डोळे पुसले.

सोसायटीची पहिली सभा सभासदांपुरती होती, आणि नेमकी धारेच्या वेळी. गोजरबाई नवं लुगडं नेसून निघाली. दारात थबकून म्हणाली,

"आवं, पदर जरा पुढं घ्या. ती मिशा बघून बुजती."