रविराजचं प्रात्यक्षिक

सोनमला आणि तान्ह्या लेकीला दौंडच्या दवाखान्यातून घरी सोडणार होते. रविराजने दवाखान्याच्या दारात उभ्या गाडीच्या मागच्या सीटवर बाळाची नवी खुर्ची पट्ट्याने आवळून बसवली. ती बघून त्याचे वडील तात्याबा गाडीभोवती एक चक्कर मारून आले.

"उलटी बसवलीस की रं! पोरगी घरी जाणार आन् तोंड दौंडकडं?"

"आबा, तिनं अजून मान धरली न्हाई. ब्रेक लागला तर पाठीला टेकू मिळतो. तान्ह्या पोराची खुर्ची अशीच बसवतात."

"खुर्ची कशाला लागती?" आई म्हाळसा म्हणाली. "माझी मांडी हाय की! तुला असाच आणला व्हता, टेम्पोतनं."

रविराज कुरकुंभच्या एका कारखान्यात कामगारांना सुरक्षेचे धडे द्यायचा. शंभर माणसं तासभर गप्प बसवणाऱ्या रविराजला आईला मात्र विनवावं लागलं.

"आई, ब्रेक लागल्यावर मांडीवरचं लेकरू हातात ऱ्हात न्हाई."

"माझ्या हातातनं? आरं, उधळलेला मेंढा धरलाय म्या!"

"मग चल, करूनच दाखवतो."

सोनम वरती खोलीत आवराआवर करत होती. बाळ तिच्याजवळ झोपलं होतं. रविराजने आईला मागच्या सीटवर बसवलं, तिचा पट्टा लावला आणि डिंकाच्या लाडवांचा डबा तिच्या मांडीवर ठेवला.

"ही तुझी नात. धर घट्ट."

दवाखान्यामागच्या मोकळ्या रस्त्यावर त्याने गाडी सायकलच्या वेगाने नेली आणि कचकन ब्रेक दाबला.

डबा सुटला. झाकण उडालं. लाडू पुढच्या काचेपर्यंत गेले. म्हाळसा जागच्या जागी होती, पण हात रिकामे. ती रिकाम्या हातांकडे बघतच राहिली.

"एवढ्या हळू गाडीत?" ती म्हणाली. "रव्या, पोरगी खुर्चीतच बसंल. आन् आबा बोललं तर मी बघते त्यांच्याकडं."

पुढून नुसतं कण्हणं ऐकू आलं. आईचा पट्टा लावायच्या गडबडीत रविराज स्वतःचा लावायला विसरला होता. स्टिअरिंगवर आपटून त्याच्या कपाळाला भलं मोठं टेंगूळ आलं होतं आणि भुवईवरून रक्त ओघळत होतं.

दवाखान्यात नर्सने जखम धुतली, डॉक्टरांनी दोन टाके घातले, वर पांढरी पट्टी बांधली. खाली आलेली सोनम त्याच्याकडे बघत म्हणाली, "बाळंत मी झाले, आन् पट्टी तुमाला?"

रविराजने आधी स्वतःचा पट्टा लावला. खुर्चीचे पट्टे म्हाळसानेच आवळले, पुन्हा ओढून बघितले. तात्याबांनी मुकाट्याने आपला पट्टा लावला. घराच्या वाटेवर शिरूर मागे पडलं तरी बाळाने डोळा उघडला नाही.

घरी शेजारच्या पुतळाबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या होत्या. बाळाकडे बघायच्या आधीच त्यांची नजर रविराजवर गेली.

"अगं बया! अपघात झाला का काय वाटंत?"

"न्हाई ओ," म्हाळसा नातीला उचलून घेत म्हणाली. "शिकवत व्हता आमाला."