अळीमास्तरांची आखाजी

तापीकाठच्या उन्हात सखाराम मास्तर छत्री उघडत, ती स्वतःच्या डोक्यावर नव्हे, वाळुंजाच्या झाडाच्या फांदीवर. तिथे त्यांच्या अळ्या असत. हिरव्या, बारीक, वाळुंजाखेरीज दुसऱ्या पाल्याला तोंड न लावणाऱ्या. मी एकदा शहाणपणा करून त्यांना मेथी घातली, तर मास्तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले ते एवढंच, "तू भी उपाशी ऱ्हाय, मंग समजी."

प्रकाशा गावच्या शाळेत मी त्यांच्या हाताखाली नवाच लागलो होतो आणि राहायलाही त्यांच्याच ओसरीवर होतो. गाव त्यांना अळीमास्तर म्हणे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "दम धर, पंख यी ऱ्हायनात." पोराला पाढा येईना, दम धर. डाळ शिजेना, दम धर. एकदा शहाद्याच्या वाटेवर आमची बैलगाडी रुतली, तेव्हाही ते चाकाकडे बघत हेच म्हणाले. ढकलत मी एकटाच होतो.

त्या वर्षी मात्र दम त्यांनाच धरवत नव्हता. खापर गावी दिलेली लेक गोदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, दोन दिवस माहेरी येणार होती. अळ्यांनी पानांच्या सुरळ्या करून आत दडी मारली होती, आणि पतंग निघायचा तो गोदाच्या देखत निघायला हवा, असा मास्तरांचा हट्ट. का, ते सांगत नसत. मागली तीन वर्षं तिची गाडी वेशीबाहेर पडली की दुसऱ्या दिवशी पंख फुटायचे.

आखाजीच्या सकाळी मास्तर लेकीला घ्यायला वेशीवर गेले. घरात बाईमाणूस नाही. तेव्हा पूर्वजांच्या नावाची घागर आपणच भरावी आणि शाबासकी मिळवावी, असं माझ्या मनात आलं. कोपऱ्यात कोरी लाल घागर होती, तोंडाला धोतराचा तुकडा बांधलेली. तुकडा सोडला, आत न बघता तापीचं पाणी गळ्यापर्यंत ओतलं आणि वर आंबा ठेवला.

मास्तर गोदाला घेऊन आले. त्यांनी आंबा उचलला. पाण्यावर वाळुंजाच्या सात सुरळ्या तरंगत होत्या.

"भाऊ, त्यासले गारवा पाहिजे म्हनीसन घागर आणेल व्हती," एवढंच ते म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

गोदाने सुरळ्या पदराने टिपून सुपात पसरल्या. मी पंखा घेऊन जिवाच्या आकांताने वारा घालू लागलो.

"गुरुजी, चूल पेटाडी ऱ्हायनात का?" तिने पंखा काढून घेतला. आखाजीसाठी बांधलेल्या झोक्यावरच्या पोरी झोका सोडून माझी फजिती बघायला जमल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गोदाची गाडी जुंपलेली असताना, एक सुरळी हलली. मास्तरांनी धावत जाऊन बैलाची वेसण धरली. "दम धर!" हे बैलाला.

ओला, चुरगळलेला जीव बाहेर आला, सुपाच्या काठावर चढला आणि त्याने पंख पसरले. नखाएवढा पांढरा पतंग, तीळ सांडल्यासारखे ठिपके. मग दुसरा. मग तिसरा! सातांतले पाच निघाले. पोरी किंचाळल्या, गाडीवानाने पागोटं उडवलं, आणि मी तर असा नाचलो की पंख जणू मलाच फुटले.

"मास्तर," गाडीवान म्हणाला, "आते तुमनं नाव बदलनं पडी!"

पहिला पतंग गोदाच्या बांगडीवर जाऊन बसला.

"माय," मास्तर म्हणाले, "तू सात वरीसनी व्हती. आगपेटीमा अळी आणेल व्हती. मी ती चुलामा टाकी दिधी. तू दिनभर रडनी."

गोदा हसली. "आबा, मी ते कव्हयच इसरी गयी."

"मी नहीं इसरनू," मास्तर म्हणाले.

बैलाची वेसण अजून त्यांच्याच हातात होती.