राघवेंद्र सरांची गाडी कुठं थांबते

"मी काही आता त्या गाडीत बसायची नाही," तव्यावरची भाकरी उलटवत चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "मागच्या खेपेला येडशीच्या उतारावर तुम्ही ब्रेक दाबलात तेव्हा आपण उसाच्या ट्रॅक्टरपर्यंत जाऊन भिडतो की काय असं झालं होतं. परत येताना मी एस.टी.नं आले, ते उगाच नाही."

राघवेंद्र सरांनी ताट पुढं ओढलं. गाडी जुनी होती हे खरं. पण तुळजापुरातली सरांची सगळी नोकरी त्या छोट्या पांढऱ्या गाडीनं पाहिली होती. विज्ञान प्रदर्शनाचे तक्ते तिनं वाहिले, सहलीत पाय मुरगळलेली पोरं तिनं घरी पोचवली. आणि आता पुण्याहून मुलानं, शंतनूनं, निकाल देऊन टाकला होता, "बाबा, आई बसायला तयार असेल तर ठेवा. नाहीतर विकून टाका."

"रविवारी येरमाळ्याला देवीला जाऊ," सर म्हणाले. "तोवर ब्रेक असे करतो की तू स्वतःहून म्हणशील, गाडी विकायची नाही."

"बघू," बाई म्हणाल्या. त्यांचं 'बघू' म्हणजे परीक्षेची तारीख जाहीर झाल्यासारखंच असे.

त्याच दुपारी सर अक्रमच्या गॅरेजात पोचले. अक्रम त्यांचा जुना विद्यार्थी. हाताखाली दोन माणसं असलेला मोठा मिस्त्री झाला होता, तरी सर आले की हातातला पाना खाली ठेवून उभा राहायचा.

"सर, पुढच्या चाकाचे ब्रेक पॅड पार झिजलेत. हे बगा, साधे हायत, हे जरा बरे, आन् हे सोलापूरच्या दुकानातनं आलेले. शर्यतीच्या गाड्यांना लावतात म्हनं. लई भारी."

सरांनी तिन्ही खोकी टेबलावर मांडली. तिसऱ्या खोक्यावर आलेख छापला होता. त्यातली लाल रेघ डावीकडं खाली सुरू होऊन झेप घेत वर गेली होती. आलेख दिसला की सरांना वर्ग दिसायचा. "अक्रम, घर्षण म्हणजे काय?"

अक्रमनं हात मागं बांधले. "सर, दोन पृष्ठभाग एकमेकांवर..."

"शाबास. आणि घर्षण जास्त तर गाडी?"

"लवकर थांबती, सर."

"मग या लाल रेघेहून उंच दुसरी रेघ आहे का इथं?"

"न्हाय, सर."

"लाव मग हेच."

सोमवारी सर नव्या पॅडची गाडी घेऊन घरी निघाले. त्यांची गल्ली उताराची. आधी सरांचं घर, त्याच्या खाली गिरिजाबाईंचं, आणि त्याच्याही खाली उमाशंकर यांचं. चंद्रप्रभाबाई दारातच उभ्या होत्या. सरांनी ऐटीत ब्रेक दाबला. गाडीनं तो ऐकला, पण लगेच मनावर घेतला नाही. फाटक गेलं, बाई गेल्या, आणि गाडी गिरिजाबाईंच्या बाजेसमोर येऊन थांबली. बाजेवर कुरडया वाळत होत्या.

"अगंबाई, सर! आज इकडं कसं काय?"

ब्रेक लागले नाहीत, असं सर बायकोदेखत कसं सांगणार? "म्हटलं, कुरडया कशा झाल्यात बघावं," ते म्हणाले.

"बरं झालं आलात! बसा की जरा. मला दळण टाकून यायचंय, अन् कावळे लई मातलेत." गिरिजाबाईंनी त्यांच्या हातात काठी दिली आणि त्या निघून गेल्या.

अशा रीतीनं राघवेंद्र सर तासभर कावळे हाकत बसले. शेजारी गिरिजाबाईंची नात श्रिया गृहपाठ करत होती. तिचा भागाकार चुकत होता. सरांनी तो तिला कुरडया मोजायला लावून शिकवला. दोघांचाही वेळ मजेत गेला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यांना गिरणीवर धाडलं. येताना मागच्या सीटवर ज्वारीच्या पिठाचा डबा होता. वजन वाढलं की गाडी थांबायला जास्त जागा लागते, हे सरांनी शेकडो मुलांना शिकवलं होतं. आता गाडीनं ते त्यांना शिकवलं. ती गिरिजाबाईंच्याही पुढं गेली आणि थेट उमाशंकरांच्या फाटकाला नाक लावून उभी राहिली.

यासारखी पंचाईत नव्हती. पंचायत समितीतून निवृत्त झालेले उमाशंकर आणि सर कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. ही गाडी नवी आली तेव्हा पेढा तोंडात ठेवून उमाशंकर म्हणाले होते, "सर, यात बसायचं म्हंजे माणसाची आधी घडी घालावी लागंल." पेढा खाल्ला तो खाल्ला आणि वर हे! तेव्हापासून सर त्या फाटकाकडं बघतसुद्धा नसत.

उमाशंकरांनी पेपर खाली केला. आधी गाडीकडं पाहिलं, मग सरांकडं.

"माझ्याकडं आलात?"

सरांनी मागं वळून पाहिलं. वर चंद्रप्रभाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"हो," सर म्हणाले. "तुमच्याकडंच."

"मग खाली उतरा की. का घडी उलगडायला हात देऊ?"

सरांना राग यायला हवा होता. पण इतक्या वर्षांनी तोच विनोद ऐकून त्यांना हसूच फुटलं. चहा झाला. आलं जरा जास्तच होतं, पण चहा चांगला होता.

बुधवारी उमाशंकरांनी दुसरी खुर्ची बाहेर मांडून ठेवली. गुरुवारी गिरिजाबाईंनी काठी आधीच भिंतीला टेकवून ठेवली. चंद्रप्रभाबाई रोज काही ना काही निमित्त काढून सरांना गिरणीपर्यंत पाठवत होत्या, आणि सर रोज आपल्या घरावरून पुढं जात होते.

शनिवारी सर काठी घेऊन बाजेपाशी बसले असताना श्रिया आलेखावरचं गणित सोडवून घेऊन आली. सरांनी चष्मा वर केला. "उभा अक्ष वाचलास. आडवा कोण वाचणार? आडवा वाचल्याशिवाय रेघ कुठली आहे ते कळतं का? अर्धा गुण कापला."

एवढं बोलून सर एकदम थांबले. काठी तशीच हातात घेऊन ते घरी गेले. पॅडचं खोकं काढलं आणि आडवा अक्ष वाचला. तिथं तापमान लिहिलं होतं. लाल रेघ उंच जात होती ती पॅड चांगले तापल्यावर. थंड असताना ती सगळ्यांच्या खाली होती. शर्यतीत चाकं तापतात. सरांची गाडी गावात तिसाच्या पुढं कधी गेली होती?

सरांनी मनातल्या मनात स्वतःचे पूर्ण गुण कापले. पण उद्या रविवार होता. बाई बसल्या नाहीत तर गाडी जाणार! मग निघण्याआधी पॅड तापवून घेतले तर?

सकाळी गल्लीत विचित्र दृश्य दिसलं. सर गाडी पुढं घेत, करकचून ब्रेक दाबत, परत मागं घेत, परत दाबत. थोड्याच वेळात जळका वास सुटला आणि चाकातून धूर यायला लागला. सर खूश झाले. रेघ वर चढत होती!

"सर, उतरा! गाडी पेटली!" उमाशंकर लुंगी सावरत बादली घेऊन धावत आले, आणि सर "अहो, नको, नको" म्हणेपर्यंत त्यांनी पाणी चाकावर ओतलं. चर्रर्र आवाज झाला. वाफेत दोघंही दिसेनासे झाले.

वाफ विरली तेव्हा समोर इरकल नेसून, नैवेद्याचा डबा घेऊन चंद्रप्रभाबाई उभ्या होत्या.

"काय चाललंय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "ब्रेक लागतात गं," सर पडलेल्या आवाजात म्हणाले. "पण तापल्यावर."

"आणि आता?"

"आता उमाशंकरांनी विझवले."

तेवढ्यात मोटरसायकलवरून अक्रम आला. पिशवीतून त्यानं साध्या पॅडचं खोकं काढलं. "मॅडमनी सोमवारीच फोन केला व्हता, सर. पन ते साधे तवर खपले व्हते, नवे काल आले."

सर बायकोकडं बघतच राहिले. "सोमवारी? तुला कळलं होतं?"

"तुम्ही, आणि कुरडया बघायला?" बाई म्हणाल्या. "गिरणीच्या पलीकडं गाडी जाऊ नये म्हणून तर रोज दळण काढत होते. घरात महिनाभराचं पीठ साठलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"मंगळवारी तुम्ही चहा पिऊन आलात ना, ते गुणगुणत आलात. म्हटलं, चालू दे आठवडाभर."

अक्रमनं तिथंच पॅड बदलले. मग सरांनी गल्लीत चार-दोन चकरा मारल्या; गाडी बरोबर जिथल्या तिथं थांबते हे बाईंनी स्वतः पाहिलं आणि त्या पुढच्या सीटवर बसल्या. येडशीच्या उतारावर गाडी शहाण्या मुलासारखी उतरली. येरमाळ्याला दर्शन झालं. प्रसाद हातात असतानाच बाईंनी शंतनूला फोन लावला. "राहू दे रे गाडी," त्या एवढंच म्हणाल्या.

परत आल्यावर बाई आपल्या फाटकाशी उतरल्या. गाडी फाटकासमोर वीतभरही इकडंतिकडं न होता उभी होती. सरांनी क्षणभर स्टिअरिंगवर बोटं वाजवली. मग गाडी पुन्हा सुरू केली, गिरिजाबाईंच्या बाजेला वळसा घातला आणि खालच्या फाटकाशी हळूच थांबवली.

उमाशंकरांनी पेपर खाली केला. "ब्रेक बदलले म्हनं?"

"बदलले."

"लागतात?"

"एकदम व्यवस्थित."

उमाशंकरांनी दुसऱ्या खुर्चीवरची धूळ लुंगीच्या टोकानं झटकली.

"आलं जरा कमी घाला आज," सर गाडीतून उतरत म्हणाले.