आभाळाची डबी

आमच्या शेजारच्या सुखदेव मिस्त्रीला मेलेल्या माणसाचीसुद्धा गती काढायची सवय होती. घाटंजीत कुणाची अंत्ययात्रा निघाली की हा दुपट्टा खांद्यावर टाकून मागं चालायचा, हात जोडायचा, डोळे पुसायचा आणि वळणावर हळूच माझ्या कानाशी लागायचा, "मास्तर, साडेचारनं नेऊन राह्यले. जिता होता तवा हा माणूस तिनाच्या वर कधी गेला नाही."

मी प्राथमिक शाळेतला मास्तर. माझं घर आणि मिस्त्रीचं वर्कशॉप यांच्यात एकच भिंत, आणि तीही वेल्डिंगच्या ठिणग्यांनी निम्मी वितळलेली. नांगर, वखर, पेरणीयंत्र, फवारणीचे पंप, काय म्हणाल ते मिस्त्री जोडून द्यायचा. पण माणसाचं डोकं एकाच जागी वेल्ड झालेलं. कुणी म्हणालं, "मिस्त्री, जावई येऊन राह्यले," की हा विचारणार, "किती नं?" कुणी म्हणालं पाऊस येतोय, तरी "किती नं?" एकदा माझ्या आतड्यात कळ आली आणि मी गडबडा लोळत सांगितलं की मिस्त्री, कळ वर चढून राहिली. हा शांतपणे म्हणाला, "किती नं?" देवाशपथ सांगतो, त्या प्रश्नानं माझी कळ लाजून खाली उतरली.

त्याला कानानं गती कळायची. घरात जेवायला बसलेला असला तरी रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की घास हातात धरून म्हणायचा, "गफूरभाई. आठ पॉइंट दोन. डावं टायर नरम आहे." आणि गफूरभाई दुसऱ्या दिवशी पंक्चर काढायला हजर.

मात्र गाडीच्या काट्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. एकदा आम्ही दोघं सुटे भाग आणायला यवतमाळहून लोहाऱ्याच्या एमआयडीसीकडे बसनं निघालो. हा पुढच्या सीटवर, एक डोळा घड्याळावर, दुसरा किलोमीटरच्या दगडांवर. तिसऱ्या दगडाला उठून ड्रायव्हरला म्हणाला, "भाऊ, तुमचा काटा लबाड आहे. चार किलोमीटर फेकून राह्यला." ड्रायव्हरनं बस थांबवली आणि आम्हाला दोघांनाही उतरवलं. भर उन्हात चालताना मी मनातल्या मनात त्याला शिव्या देत होतो, तर हा म्हणतो, "पाच पॉइंट एक, मास्तर. अन् हे खरे पाच पॉइंट एक."

"काटा चाकाले विचारते," तो सांगायचा, "अन् चाक म्हंजे सासुरवाडीचा माणूस. तोंडावर एक, मागं एक."

यात तथ्य होतं हो. आमची काळी माती तुम्ही पाहिली असेल तर सांगायला नको. पावसानंतर ती टायरला अशी बिलगते की टायर गरोदर बाईसारखं दिसतं. नाहीतर खालून अशी सटकते की चाक दहा वेळा फिरतं, ट्रॅक्टर नऊ फेऱ्यांइतकाच पुढं जातो, आणि चाक छाती फुगवून दहाचा हिशेब देतं.

ती वर्षं कापसाची वाईट होती. कापूस पांढरा व्हायच्या आधी माणसं पांढरी पडायची. बियाण्याच्या पाकिटावर लिहिलं होतं की अळी लागणार नाही, पण अळीला वाचता येत नव्हतं. फवारा, पुन्हा फवारा, पुन्हा फवारा. म्हणून गफूरभाईनं ट्रॅक्टरमागं जोडायचा मोठा फवारणी-यंत्राचा सांगाडा आणला आणि घाटंजीपासून आर्णीपर्यंत शेतं फवारून द्यायला लागला. यंत्र हुशार होतं. ट्रॅक्टर जोरात चालला तर औषध जास्त सोडायचं, हळू चालला तर कमी. पण गती विचारायचं कुणाला? चाकाला! मग काय, पिकाच्या एका ओळीला औषधाची आंघोळ, दुसऱ्या ओळीला कोरडा टिळा. कुठं पाती जळली, कुठं अळ्यांनी बारसं केलं. लोकांनी गफूरभाईला पळवून लावलं.

"सुकदेवभाई, कुछ करो," गफूरभाई वर्कशॉपमध्ये येऊन बसला. "परसो एक म्हातारी मले विळा घेऊन मारायले धावली."

"किती नं?" मिस्त्रीनं विचारलं.

पण या वेळी तो नुसता विचारून थांबला नाही, आणि पंधरा दिवसांनी नागपूरच्या एका डीलरकडून एक डबी आली. खोबऱ्याच्या वाटीएवढी, काळी, गुळगुळीत, तिला एक शेपूट. ही डबी चाकाला काही विचारतच नव्हती. ती थेट उपग्रहांकडून गती काढायची. मिस्त्रीनं ती तळहातावर घेण्याआधी दुपट्ट्याला हात दोनदा पुसला. ज्या हातानं हा माणूस तापलेलं लोखंड उचलायचा, तो हात.

मी मास्तर असल्यामुळे समजावायला गेलो. म्हटलं, "मिस्त्री, उपग्रह वरून आपल्याला पाहत नाहीत. ते नुसते हाका मारत फिरतात. ही डबी त्या हाका ऐकते आणि आपली आपण गती काढते."

"मास्तर, तुमी चौथीले शिकवता ना?"

"हो."

"मंग चौथीपुरतंच सांगा."

त्याच्या मते वर सात-आठ जण बसलेले होते, वीस हजार किलोमीटरवर, आणि ते घाटंजीकडे टक लावून पाहत होते. त्यांच्यात नि डबीत काही आडवं येता कामा नये. म्हणून ट्रॅक्टरच्या टपावर, अगदी मधोमध, त्यानं डबी बसवली. टपावरची ताडपत्री काढली. वर्कशॉपसमोरच्या कडुनिंबाची फांदी छाटली. गफूरभाईनं उन्हासाठी छत्री उघडली तर ती हिसकावून घेतली. एक घार वर घिरट्या घालत होती, तिलाही त्यानं दगड मारला. मी पाहिलंय, घारीनं खाली वाकून माफी मागितली.

डबीचा दिवा लुकलुकत होता. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. पाच मिनिटं गेली आणि दिवा एकदम स्थिर झाला.

"दिसलो!" मिस्त्री ओरडला. "मास्तर, आपण दिसलो!"

त्यानं चपला काढल्या. मीही काढल्या. काय सांगू! ज्या गावात तहसीलदाराला आपण दिसत नाही, तिथं आभाळाला दिसलो.

मग टेप धरून शेतात शंभर मीटर मोजले, दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या आणि ट्रॅक्टर तीनदा चालवला. चाकानं सांगितलं एकशे सात. डबीनं सांगितलं शंभर. तीनही वेळा शंभर. मिस्त्री बांधावर बसला आणि कितीतरी वेळ नुसता मान हलवत राहिला. वयाच्या पन्नाशीला त्याला पहिल्यांदा कुणीतरी खरं बोलणारं भेटलं होतं.

त्यानंतर गफूरभाईचा ट्रॅक्टर निघाला की वाटेतली माणसं केस नीट करायची. वर कसं दिसेल म्हणून एका घरानं छपरावरची तुटकी बाज उतरवली. आणि औषध अस्सं पडायचं, पानापानाला सारखं, जणू पंगतीत वाढलंय. विळेवाली म्हातारी स्वतः बोलवायला आली.

आता शकुनवहिनींबद्दल सांगायला हवं. मिस्त्रीची बायको. या बाई कापूस वेचायला लागल्या की पऱ्हाटी घाबरून स्वतःहून बोंडं सोडायची. बाकीच्या बायका अर्ध्या ओळीवर, तर ह्या दुसऱ्या टोकाला पोचून पाणी पीत बसलेल्या. मिस्त्रीनं जगात ज्या एकाच गोष्टीची गती कधी मोजली नाही, ती ही बाई. म्हणायचा, "तेथं आपला हिशेब चालत नाही."

त्या पावसाळ्यात वहिनींना लकवा मारला. उजवं अंग गेलं. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज चालवा, नाहीतर पाय कायमचा जाईल. चार पायांचा वॉकर आणला. वहिनी अंगणात दोन पावलं टाकायच्या आणि बसायच्या. "हे काय चालणं आहे?" म्हणायच्या. "यापेक्षा तं चूल चालते."

मिस्त्रीच्या डोक्यात आलं की बाईला आकडा दाखवावा. आज इतकं, उद्या तितकं. आकडा वाढताना पाहिला की हुरूप येईल. एका सकाळी त्यानं गफूरभाईच्या ट्रॅक्टरच्या टपावरून डबी काढली, वॉकरला बांधली, बॅटरी अन् आकड्यांची पाटी समोर लावली. दिवा लुकलुकला, स्थिर झाला.

"चाल, शकुन. वरून पाहून राह्यले."

वहिनींनी वॉकर उचलला, ठेवला, पाय ओढला. उचलला, ठेवला, ओढला. कपाळावरून घाम निथळला. अंगण अर्धं पार झालं. पाटीवर शून्य.

मिस्त्रीनं डबी पुसली. आभाळाकडं पाहिलं, ढग नव्हता. "येक डाव पाह्य ना बापा," तो वर पाहून म्हणाला. शून्य.

वहिनी थांबल्या. "पाह्यलं? तुमच्या आभाळाले बी मी दिसत नाही. चालून राह्यली असती तं दिसली नसती का?"

त्या खाटेवर जाऊन बसल्या आणि उठेनात. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. मिस्त्रीनं विनवलं, मी विनवलं. त्या भिंतीकडं तोंड करून पडलेल्या. उजवं पाऊल आतल्या बाजूला वळायला लागलं होतं. आणि हे मिस्त्रीनं स्वतःच्या हातानं केलं होतं. आठ दिवस त्यानं कुणालाच "किती नं?" विचारलं नाही. समोरून बकरी जीव घेऊन पळत गेली, तरी मान वर केली नाही.

डीलरला विचारलं तर तो म्हणाला, ताशी एक किलोमीटरच्या खाली ही डबी काही बोलतच नाही, तिची जातच तशी. मी पुन्हा म्हटलं, "मिस्त्री, सांगितलं होतं ना, ते पाहत नाहीत म्हणून."

त्यानं या वेळी चौथीची आठवण काढली नाही. "मंग बरंच झालं, मास्तर," तो म्हणाला. "म्हंजे त्यायनं तिले मुद्दाम नाही सोडलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून येतो तर वर्कशॉपसमोरच्या मोकळ्या जागेत मिस्त्री खड्डा खणून राहिलेला. मधोमध लोखंडी खांब गाडला, डोक्यावर ट्रॅक्टरच्या चाकाचं जुनं बेअरिंग. त्यावर आडवा लांबलचक बांबू, जरा वर उचललेला. दुसऱ्या बाजूला तोल धरायला सरकीचं पोतं.

"हे काय? खळं करता का?"

"खळ्याच्या मधातला मेढीचा खांब पाह्यला ना तुमी? मेढीले बैल जुपले की आतला बैल किती नं चालते?"

"हळू. म्हातारा बैल आत जुंपतात."

"अन् बाहेरचा?"

बाहेरच्याला पळावं लागतं. शेतकऱ्याचं शेंबडं पोरही हे जाणतं, आणि मी मास्तर असून कधी विचार केला नव्हता. खांबापासून दोन फुटांवर धरायला दांडी. अठरा फुटांवर, बांबूच्या शेंड्याला, ती डबी. आतलं एक पाऊल, शेंड्याची नऊ. पाटी दांडीवरच, वहिनींच्या डोळ्यांसमोर.

"पण ही फसवणूक नाही का?" मी विचारलं.

"टोक खरंच तेवढं चालते, मास्तर. आकडा खरा आहे." एवढं बोलून तो माझ्याकडं पाहीनासा झाला.

त्यानं वहिनींना उचलून आणलं, हो, उचलून, आणि दांडीशी उभं केलं. त्या रागानं काही बोलणार होत्या, पण तोल सावरायला दांडी धरावीच लागली, आणि दांडी सरकली. पाय ओढला. पुन्हा ओढला. पाटीवर आकडा उमटला. एक पॉइंट सहा. मग दोन. मग दोन पॉइंट चार.

वहिनींनी आकड्याकडं असं पाहिलं, जसं आम्ही त्या दिवशी दिव्याकडं पाहिलं होतं.

तेवढ्यात गफूरभाई आला. ऐन फवारणीत आठ दिवस त्याच्या टपावर डबी नव्हती. "सुकदेव! मेरी डबी किदर है? उधर अळी पूरा शेत खा गई और तू..." शेंडा सप्पकन त्याच्या टोपीवरून गेला. तो वाकला, आणि वाकल्या वाकल्याच त्यानं वहिनींना पाहिलं. मग सरळ होत बारीक आवाजात म्हणाला, "भाभी, आराम से. दवा कल मारेंगे. अळी का क्या है, खाती रहती."

दुसरी फेरी झाली. तिसऱ्या फेरीत वहिनी थांबल्या. आकडा गेला. त्यांनी दांडीवरून नजर बांबूवर नेली आणि बांबूच्या लांबीनं शेंड्यापर्यंत. आयुष्यभर खळ्यावर राबलेली बाई ती. तिला कोण फसवणार?

"अवो," त्या म्हणाल्या, "हे टोक पळते. मी नाही."

मिस्त्रीनं मान खाली घातली. एवढा दांडगा माणूस, पण फळ्यासमोर उत्तर न आलेल्या पोरासारखा अंगठ्यानं माती उकरत राहिला. गफूरभाईनं टोपी काढून हातात धरली. मी उगाच सरकीच्या पोत्याची गाठ तपासली.

"मी थांबली का ते बी थांबते?" वहिनींनी विचारलं.

"थांबते," मिस्त्री म्हणाला.

"मंग मीच पळवते ना त्याले." त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि दांडीवर ठेवला. "सरका बाजूले. मधात उभे राहू नका."

आम्ही सरकलो, पण जागा ती केवढीशी, वर्तुळाच्या बाहेर कुणाचाच पाय निघाला नाही. वहिनी पाय ओढत फिरत होत्या, आणि दर फेरीला शेंडा आमच्यावर आला की आम्ही तिघं, एक मिस्त्री, एक मास्तर आणि एक ट्रॅक्टरवाला, ओळीनं खाली वाकत होतो.